दर दोन तासांनी कूस

मावशींना भाची एकही नव्हती. मुळात बहीणच नव्हती, तर भाचरं कुठून येणार? तरी गेली एकोणीस वर्षं त्या ज्या घरात पाऊल टाकत, तिथं पहिल्या पाच मिनिटांत मावशी होऊन जात. ऐंशी वर्षांचे म्हातारेसुद्धा त्यांना मावशीच म्हणत. आजाऱ्याची सेवा करायला येणाऱ्या बाईला नाव देत नाहीत, नातं देतात. त्यात सोय असते. नात्यातल्या माणसाला रजा मागायची लाज वाटते.

मावशींची एक कापडी पिशवी होती. तिच्यात स्वतःचा साबण, दोन पंचे, नखं कापायचं कटर आणि एक ब्लेड असे. आणि एक सवय होती. माणसाला हात लावायच्या आधी त्या त्याला सांगत. "आता डाव्या खांद्याखाली हात घालतेय हं. गुदगुल्या झाल्या तर हसायचं, चिमटा काढायचा नाही." बेशुद्ध माणसालाही सांगत. एकदा कुणीतरी विचारलं, त्याला कळतंय का? मावशी म्हणाल्या, "त्याला नसेल कळत. मला कळतं ना."

घड्याळकाकांकडे त्या आल्या तेव्हा काका अर्धे उरले होते. चाळीस वर्षं एका बोळकांडीएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून त्यांनी गावाची घड्याळं दुरुस्त केली. मग झटका आला आणि उजवी बाजू आणि बोलणं घेऊन गेला. उरला डावा हात, त्या हातात एक चमचा, आणि डोक्यात वेळ. खोलीच्या भिंतीवर पाच घड्याळं होती आणि पाचांचं मिनिटामिनिटाला एकमत होतं. इतकं एकमत मावशींनी माणसांच्या कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांचं सांगणं सोपं होतं. काकांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीची कातडी जाईल. ते काकांनी मनावर घेतलं. दोन तास भरले की चमचा पलंगाच्या कठड्यावर आपटायचा. टण्. मावशी तांदूळ निवडत असोत की पंचे पिळत असोत, म्हणायच्या, "आले हो, आले! तुमच्याकडे नोकरी म्हणजे गिरणीचा भोंगा झाला." काका तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हसायचे. तेवढंच हसू त्यांच्याकडे शिल्लक होतं, पण ते कुणापासून चोरून ठेवत नसत.

काकांना एकच लेक, तीही विमानाच्या अंतरावर. तिनं बापासाठी चांगलं नाव असलेलं सेवाकेंद्र गाठलं होतं. सकाळी आठ ते रात्री आठ मावशी, पुढे रात्रवाली. घरात एक निळी फाइल. रोज एक पान, पानावर दर दोन तासांचा चौकोन, कूस बदलली की चौकोनात बरोबरची खूण. केंद्राच्या मॅडम ती फाइल पाहून अ‍ॅपवर भरायच्या. खूण असली की लेकीच्या फोनवर हिरवं पान उमटायचं. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती. 'त्वचा : उत्तम / चांगली'. फॉर्म तयार करणाऱ्याला तिसरी कातडी माहीतच नसावी.

एका सोमवारी सकाळी काकांना पुसताना मावशींना माकडहाडावर लाल डाग दिसला. सदऱ्याच्या बटणाएवढा.

"काका, रात्री कितीदा वळवलं? जितक्यांदा, तितक्यांदा वाजवा."

चमचा वाजला नाही. काकांनी तो पांघरुणावर ठेवून दिला.

मावशींनी फाइल उघडली. रात्रीच्या सगळ्या चौकोनांत खुणा होत्या. पान उलटलं, तर आज रात्रीच्या चौकोनांतही होत्या.

संध्याकाळी रात्रवाली आली तेव्हा मावशींनी तिला दारातच गाठलं. "काय गं, तुझी आजची रात्र होऊन गेली वाटतं?"

ती पोर मटकन पायरीवरच बसली. "मावशी, मला तीन घरं दिलीत. एक इथं, एक स्टेशनच्या पलीकडं, एक टाकीपाशी. मी काय पंख लावून उडू? मॅडम म्हणाल्या, पेशंट झोपलेलाच असतो, त्याला काय कळतंय."

रागवायला आलेल्या मावशींनी तिला पाणी दिलं. मग मॅडमना फोन लावला. म्हणाल्या, रात्री मीच राहते, खाली सतरंजी टाकून पडेन, मला वेगळं काही नको.

"तसं नाही करता येत, मावशी. बारा तासांच्या वर कुणाला कामावर ठेवायचं नाही, असा नियम आहे. तुमच्याच भल्याचा."

"आणि एका बाईला एका रात्रीत तीन घरं?"

"त्याबद्दल नियम नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणि त्वचेच्या ओळीत तुम्ही 'जखम' लिहिलंय. असा पर्यायच नाहीये फॉर्ममध्ये."

तेव्हापासून मावशींनी स्वतःची नोंद सुरू केली. फार पूर्वी एका दवाखान्यातल्या सिस्टरनं त्यांना शिकवलं होतं, की जखम डोळ्यांनी मोजायची नाही, डोळे घाबरट असतात. ड्रेसिंगच्या पाकिटाची एक बाजू पारदर्शक असते. ती जखमेवर अलगद धरायची आणि पेनानं कडा गिरवायची. दर सोमवारी एक, वर तारीख. दुसऱ्या सोमवारी बाटलीचं झाकण. तिसऱ्या सोमवारी कातडी फुटलेली. डॉक्टरांनी फोनवरच मलम सांगितलं आणि वर विचारलं, "रात्री वळवताय ना?"

मावशींनी लेकीलाही सांगितलं. एकदा नाही, दोनदा.

"अहो मावशी, पण इथं तर सगळं हिरवं दिसतंय!"

"ताई, हिरवं तिकडं दिसतंय. इथं लाल आहे."

लेकीनं घाबरून मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, मावशी फार मायाळू आहेत, पण जुन्या वळणाच्या. त्यांना थोडं वाढवून सांगायची सवय आहे. लेकीला ते पटलं. दूर राहणाऱ्या माणसाला पटवून घ्यावंच लागतं, नाहीतर जेवण कसं जाणार?

सहाव्या सोमवारी सरकारी तपासनीस येणार असं ठरलं. आदल्या दिवशी मॅडम निळी फाइल घेऊन गेल्या आणि सकाळी दुसरी निळी फाइल घेऊन आल्या. आत तीन महिने एकाच पेनानं, एकाच वळणात, एका दुपारी उरकलेले होते. त्वचा रोज उत्तम.

मावशींनी मनाशी हिशेब बांधला होता. दहाला काकांची कूस बदलायची वेळ. पाठ दाराकडे करायची, दार सताड उघडं ठेवायचं. तपासायला आलेला माणूस आत डोकावेलच ना? सहाही पारदर्शक तुकडे त्यांनी टाचणीनं जोडून पदराला लावले. "काका," त्या म्हणाल्या, "आज जोरात वाजवा. तुमच्या दुकानाचं शटर पडल्यासारखं."

तपासनीस सज्जन होते. चष्मा पुसून त्यांनी बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर फाइल उघडली. टेबलापासून पलंग चार पावलं. ते एकेक पान बोटानं उलटत होते आणि चेहऱ्यावर समाधान चढत होतं. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले.

टण्.

"हे काय वाजलं?"

"घड्याळ, सर," मॅडम म्हणाल्या. "पेशंट घड्याळजी होते ना."

तपासनीसांनी मनगटाकडे पाहिलं. "तीन मिनिटं पुढे आहे."

टण्. टण्.

मावशी दारात आल्या. "साहेब, जरा आत येता का? काकांची कूस बदलतेय. एकदा बघून तरी घ्या."

"रुग्णाच्या खोलीत जायला त्याची लेखी संमती लागते, बाई. त्यांच्या सन्मानासाठीच नियम आहे तो."

"अहो, तेच बोलावतायत तुम्हाला. चमचा वाजवतायत."

"लेखी लागते."

"लिहिणारा हात गेलाय हो त्यांचा."

"मग नातेवाइकांची चालेल."

"त्या परदेशात."

"मग पुढच्या तपासणीला नक्की," तपासनीस मनापासून म्हणाले.

मावशींनी पदराची टाचणी काढली आणि तुकडे टेबलावर ठेवले. "मग हे तरी बघा. दर सोमवारची जखम आहे."

त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला. "यावर फॉर्म क्रमांक नाही. शिक्काही नाही. हे नोंद म्हणून धरता येत नाही." आणि तुकडे नीट रचून, कडा जुळवून त्यांनी मावशींना परत दिले. आत चमचा वाजायचा थांबला होता.

केंद्राला 'उत्तम' शेरा मिळाला. संपूर्ण तपासणीत दोष सापडला तो एकच : सेविकेने अनधिकृत नोंदी बाळगल्याचे आढळले.

"तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, मावशी," दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या. शनिवारपासून नवी बाई येणार होती.

शुक्रवारी मावशींनी काकांना दुपारी चारला वळवलं आणि सांगितलं. आधी सांगायची सवय त्यांनी याही वेळी मोडली नाही. "उद्यापासून दुसरी येईल. तिलाही असंच वाजवायचं. भीड धरायची नाही."

सव्वाचारला चमचा वाजला. टण्.

"अजून वेळ नाही झाली, काका."

टण्. टण्. टण्. चाळीस वर्षं गावाला वेळ देणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा चुकीच्या वेळी वाजत होता. भिंतीवरची पाचही घड्याळं सव्वाचार म्हणत होती आणि काका ऐकत नव्हते. मावशींनी त्यांना पुन्हा वळवलं. मग पुन्हा. आठ वाजेपर्यंत दुसरं काही केलंच नाही.

सतरा दिवसांनी लेकीचा फोन आला. ती विमानानं येऊन थेट हॉस्पिटलमधून बोलत होती. "मावशी, डॉक्टर म्हणतात आतलं हाड दिसतंय. विष अंगभर पसरलंय. अ‍ॅपवर तर काल रात्रीपर्यंत हिरवं..."

मावशी पोचल्या तोवर काका गेले होते. लेक बाकावर बसून होती. "मला कुणी सांगितलं का नाही?" तिनं विचारलं.

मावशींकडे याचं उत्तर होतं, तारीखवारासकट होतं. त्यांनी ते दिलं नाही. पदराची टाचणी काढून तुकडे तिच्या हातात ठेवले. लेकीनं ते एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरले. बटण, झाकण, वाटी. एकात एक, एकात एक. बराच वेळ धरून ठेवले.

लेकीनं तक्रार केली, तुकडे जोडून. चार महिन्यांनी उत्तर आलं. बाब गांभीर्याने घेतली होती. सेवाकेंद्रांच्या फॉर्ममध्ये सुधारणा केली होती. आता तळाशी नवी ओळ होती, 'जखम : नाही / आहे'. आणि सेविकांचा वेळ वाचावा म्हणून 'नाही'पुढची खूण छापूनच येत होती.

मावशी आता दुसऱ्या केंद्राकडून एका आजींकडे जातात. फॉर्म सगळीकडे तोच. आजींची पाठ लहान मुलासारखी आहे, कारण रात्री त्यांची सून उठते. सकाळी मावशी आजींना सांगून कुशीवर वळवतात, पाठ पाहतात, आणि पिशवीतलं ब्लेड काढून ती छापील खूण खरवडून टाकतात. मग त्याच जागी, 'नाही'पुढेच, पेनानं स्वतःची खूण करतात.

गेल्या तपासणीत त्यांच्या फाइलवर शेरा पडला. 'खाडाखोड टाळावी.' मावशींनी शेऱ्याखाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवं ब्लेड घेतलं. जुन्याची धार गेली होती.