आठ दाढ्या आणि एक साबण

वृद्धाश्रमातल्या पुरुषांच्या खोलीत आठ खाटा होत्या आणि आठही जणांची दाढी ताई करायची. खरं तर ते तिचं काम नव्हतंच. तिला नेमलं होतं चादरी बदलायला, आंघोळीला हात द्यायला आणि दिलेल्या गोळ्या घशाखाली उतरतात की उशीखाली जातात ते बघायला. दाढीला एक सलूनवाला यायचा. एकदा कल्ले वरखाली झाले म्हणून वकीलसाहेबांनी त्याला असं काही सुनावलं, की तो अर्धा गाल तसाच सोडून उठला आणि पुन्हा फिरकला नाही. उरलेला अर्धा गाल ताईने पुरा केला, आणि तिथेच ती फसली.

त्या रात्री तिने घरी फुगे आणले. फुग्यावर फेस लावायचा आणि रेझर फिरवायचा. सात फुगे फुटले. टीव्हीवरची नजर न काढता नवरा म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांचं काही खरं नाही." आठवा फुगा टिकला. तेव्हापासून चार वर्षं, दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी, व्हरांड्यात खुर्च्या मांडून ती आठ गाल-जोड्या साफ करत आली होती. कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

साबणाचा प्रश्न कधी आलाच नव्हता. बाजारातला एक दुकानदार क्रीमच्या ट्यूबा फुकट पाठवायचा. यंदा तो दुकान विकून मुलीकडे राहायला गेला आणि ट्यूबा थांबल्या. ताईने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजरने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "मग तुम्हीच ठरवा, महिन्याला साबणावर किती खर्च करायचा. आकडा सांगा, मी सही करतो."

"मी कशी ठरवू साहेब? मला दाढी येते का?"

"तुम्हाला अनुभव आहे."

अनुभव आहे म्हणजे काय, हे तिला दुकानात कळलं. फळीवर दाढीचे साबण म्हणजे नुसती जत्रा. वाटीतली गोल वडी, ट्यूब, फवाऱ्याचा डबा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत वीसपट फरक. तिने दुकानदाराला विचारलं, "यात फरक काय?" तो म्हणाला, "किमतीत आहे ना." ती रिकाम्या हाताने परत आली. म्हटलं, ज्यांचे गाल त्यांनाच विचारावं. ही तिची दुसरी चूक.

वकीलसाहेब उशीला टेकून बसले आणि त्यांनी बाजू मांडायला सुरुवात केली. "ताई, स्वस्त साबण म्हणजे महाग मलम. माझी कातडी नाजूक आहे. ट्यूबच हवी, आणि तीही चांगली."

शेजारच्या खाटेवरून ड्रायव्हरकाका उसळले. तीस वर्षं त्यांनी रेल्वेचं इंजिन चालवलं होतं आणि अजूनही ते शिट्टीवर मात करायची असल्यासारखे बोलत. "कसली ट्यूब? अंगाचा साबण आहे की बाथरूममध्ये! तोच तोंडाला फासायचा. आम्ही जन्मभर तेच केलं."

"दिसतंय ते," वकीलसाहेब म्हणाले.

झालं. पुढचा अर्धा तास दोघांनी एकमेकांचं बालपण बाहेर काढलं. बाकीचे चौघे गुडघे धरून मजा बघत राहिले. मास्तर म्हणाले, मला काहीही चालेल, फक्त वास नको. वासाने मला शिंका येतात. आणि खिडकीजवळचे हो-हो आजोबा, ज्यांना हे नाव पडलं होतं कारण ते कशालाही नाही म्हणत नसत, ते ट्यूबलाही हो म्हणाले, वडीलाही हो म्हणाले आणि अंगाच्या साबणालाही हो म्हणाले.

ताईने शेवटी सुवर्णमध्य काढला. ना फार स्वस्त, ना फार महाग, बिनवासाची ट्यूब. मॅनेजरने सही केली. बुधवारी तिने खुर्च्या मांडल्या, गरम पाणी आणलं, आणि वकीलसाहेबांनी ट्यूब डोळ्यांजवळ धरून मागचं बारीक अक्षर वाचलं. "ही माझ्या गालाला लागणार नाही," त्यांनी निकाल दिला आणि आत गेले.

ड्रायव्हरकाकांनी तीच ट्यूब हातात घेतली, किंमत वाचली आणि म्हणाले, "माझ्या तोंडावर एवढा खर्च नको. नाकापेक्षा मोती जड." आणि तेही आत गेले.

एकाला ट्यूब स्वस्त म्हणून नको, दुसऱ्याला महाग म्हणून नको. बाकीच्यांचं ट्यूबबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण दिवसभर करायला काही नसलं की संपसुद्धा विरंगुळा होतो. शनिवारी आणखी चौघे दाढीला बसले नाहीत. पुढच्या बुधवारी मास्तरही फितूर झाले. खुर्चीत उरले एकटे हो-हो आजोबा. ताईने त्यांची दाढी केली, रिकाम्या सात खुर्च्यांकडे बघितलं आणि रागाच्या भरात विचारलं, "परत करू?" ते म्हणाले, "हो." तिने परत केली.

दहाव्या दिवशी मॅनेजरने तिला बोलावलं. "सोमवारी अहवालासाठी फोटो काढायचाय. खोलीत जाऊन बघा जरा. आपण यांना जंगलातून धरून आणलंय असं वाटतं. ताई, तुमचं लक्ष कुठे आहे?"

इथे ताईचं डोकं फिरलं. "माझं लक्ष? साहेब, चार वर्षं मी तोंडातून ब्र न काढता हे करतेय. पगारात त्याचा एक पैसा नाही. वर साबण मीच ठरवायचा, शिव्या मीच खायच्या, आणि फोटो मात्र तुमचा! घ्या हा ब्रश आणि करा तुम्हीच." तिने खरोखरच ब्रश टेबलावर ठेवला. ओला होता. खालची दोन पत्रं भिजली. मॅनेजरने ब्रशकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाला, "बसा. चहा घेता?"

चहा न घेता ती बाहेर पडली, ती थेट दुकानात. सगळ्यात महाग क्रीमची छोटी ट्यूब तिने स्वतःच्या पैशांनी घेतली. आता या दोघांची खोड मोडायचीच असं तिने ठरवलं. व्हरांड्यात दोघांना ओढून बसवलं आणि डोळ्यांवर टॉवेल टाकले. एका गालाला अंगाचा साबण, दुसऱ्या गालाला महागाचं क्रीम. "आता सांगा कोणतं कोणतं. चुकलात तर पुन्हा साबणाचा स बोलायचा नाही."

बघायला सगळी खोली जमली. वकीलसाहेबांनी क्षणभरही विचार केला नाही. "डावीकडे अंगाचा साबण. पुसा लवकर, आग होतेय." टॉवेल काढला तर डावा गाल खरंच लालबुंद झालेला. म्हणजे हा माणूस इतके दिवस खरं बोलत होता! ताईला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

"आणि तुमचं, काका?"

ड्रायव्हरकाकांचा आवाज टॉवेलखालून आला, आणि पहिल्यांदाच तो लहान होता. "उजवीकडे क्रीम. चांगलं आहे. लोण्यासारखं."

"मग ट्यूबला नाही का म्हणालात?"

काकांनी टॉवेल डोळ्यांवर आणखी ओढून घेतला. ताईने इतरांना हाताने आत पिटाळलं. वकीलसाहेब मात्र गाल धरून तिथेच राहिले. शेवटी काका म्हणाले, "गेल्या महिन्यात पत्र गेलं ना सगळ्यांच्या घरी, इथली फी वाढवली म्हणून. माझा मुलगा भरतो. त्याची नोकरी आत्ताच गेलीय. म्हटलं, साबण महाग घेतला तर तोही त्याच्याच बिलात चढणार."

ताईने कपाळाला हात लावला. हाताला फेस होता, तो कपाळाला लागला. "अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? दहा दिवस माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत तुम्ही!"

"मुलाची नोकरी गेली हे काय खोलीत ओरडून सांगू?"

एरवी ते पाणीसुद्धा ओरडून मागत. पण हे तिने बोलून दाखवलं नाही. अर्धवट फेसातल्या काकांचा हात धरून ती त्यांना मॅनेजरच्या खोलीत घेऊन गेली. मागून वकीलसाहेब आले. ताईने विचारलं, "साहेब, दाढीचा साबण फीमध्ये धरता का वेगळा लावता?"

मॅनेजर गोंधळला. "साबण? तो फिनेलच्या आणि झाडूच्या खर्चात जातो. घरच्यांना त्याचं बिल जात नाही."

"लेखी द्या," वकीलसाहेब म्हणाले.

"अहो, साबणाचं लेखी काय द्यायचं?"

"तोंडी आश्वासनाला किंमत नसते. यांच्या नावाने द्या." आणि त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांचं एकमेकांशी भांडण्याचं व्रत इतकं जुनं होतं, की काकांनी आधी तो हात कुणाचा आहे ते वळून बघितलं.

मॅनेजरने सुस्कारा टाकून चार ओळी लिहिल्या. मग ताईने खर्चाचा आकडा सांगितला: नाजूक कातडीच्या वकीलसाहेबांना चांगलं क्रीम, बाकीच्या सात जणांना वाटीतली बिनवासाची गोल वडी, जी महिनोन् महिने पुरते. सगळं मिळून तिने आधी आणलेल्या ट्यूबांपेक्षा कमीच झालं. मॅनेजर म्हणाला, "बघा, तुम्हाला अनुभव आहे म्हटलं होतं." ताईने टेबलावरचा ब्रश उचलला. उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती.

शनिवारी आठही दाढ्या झाल्या. दहा दिवसांचे खुंट काढताना ताईचं मनगट भरून आलं, चार रेझर बोथट झाले, मास्तर वास नसतानाही शिंकले. ड्रायव्हरकाकांनी उठल्या उठल्या ऑफिसमधला फोन मागून घेतला. भांडी विसळताना ताईला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ऐकू न येणं शक्यच नव्हतं.

"तुला काम लागलं का कुठे? ... नाही, नाही, घाई करू नकोस. बरं बघून घे. ... इथं? इथं सगळं आहे रे. दाढीला वडी आहे, ती फुकट. कागदच आहे माझ्याकडे. ... अरे, खरंच!"

फोन ठेवून ते तिथेच उभे राहिले, मान ओली, खिडकी सताड उघडी. ताई हातातली वाटी आपटून ओरडली, "काका, वाऱ्यात उभे राहू नका! सर्दी झाली की परत मीच आहे!"