नव्या चाकाला पहिलं तेल

दुकानाची पायरी चढणारं माणूस तोंड उघडायच्या आधीच चंद्रिका त्याला मनातल्या मनात निकालात काढायची. सोलापूरच्या नवी पेठेतल्या बोळात तिचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. जून आला की आया पोरांना दंडाला धरून आणणार आणि प्रत्येकीचं पालुपद तेच, "वाढत्या अंगाचं द्या बगा." म्हणजे यंदा पोरगं गुडघ्याखाली लोंबणारी चड्डी सावरत प्रार्थनेला उभं राहणार, आणि पुढच्या वर्षी मापाला येईतोवर ती चड्डी फाटणार. चंद्रिका गळ्यातली टेप काढत म्हणायची, "बाई, पोरगं आज शाळेला चाललंय का पुढच्या वर्षी?"

शर्ट देताना ती हटकून बजावायची, पहिलं धुणं गार पाण्यात. ऐकतंय कोण! आठवडा होत नाही तोवर आटलेला शर्ट नाचवत बाई भांडायला हजर. "गार पाण्यात काढलावता का?" "न्हाई, पण..." "मग शर्ट न्हाई आटला. अक्कल आटली." हे असं तोंडावर. तरी गिऱ्हाईक तुटायचं नाही. तिच्या मापात कधी बोटभर फरक पडत नसे, आणि हे तिलाही ठाऊक असल्यामुळे तिची जीभ आणखीच सुटलेली होती.

घरी नवरा श्रीशैल. भला माणूस. चंद्रिकाच्या तोंडी हे कौतुक नव्हे. सासू निंगव्वा, तिला ती अत्ती म्हणायची, जसं त्यांच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत म्हणतात. म्हातारीला मोतीबिंदूमुळे अंधुक दिसायचं, आणि जिला शर्टाचा रंग कळत नाही तिच्याशी काय बोलायचं, असा चंद्रिकाचा साधा हिशेब.

सायकलचं खूळ शिरलं ते साखरेमुळं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. "चालायला काय, म्हशीपण चालतात," म्हणत तिनं माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली. लहानपणी मंद्रूपला बापाच्या घोडा सायकलवर दांड्याखालून पाय घालून कैची मारत ती शेतावर जायची, बांधावरनं, नांगरलेल्या ढेकळांतनं, पडायची, उठायची, परत मारायची. चाळिशी उलटल्यावर ते सगळं अंगात परत आलं. पहिल्या आठवड्यातच तिला कळलं की आपल्याला रस्ता आवडत नाही. खड्डा, दगड, उतार असलं काहीतरी पाहिजे.

गावात पहाटेच्या सायकलवाल्यांचा एक गट होता. चड्डीला मागून फोम, डोळ्याला गॉगल, हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत जायचं, इडल्या हाणायच्या आणि जगज्जेत्यासारखे फोटो टाकायचे. त्यांचा म्होरक्या शिवयोगी, सिमेंटचा व्यापारी. पोट हँडलला टेकेपर्यंत पुढं आलेलं आणि भाषा मात्र सदा हिमालयाची. चंद्रिका त्यांच्यासोबत जायची, कारण एकटं जाण्यापेक्षा मूर्खांबरोबर गेलेलं बरं, निदान करमणूक होते.

दिवाळीनंतर शिवयोगीनं जाहीर केलं की जानेवारीत सगळ्यांनी सह्याद्रीत जायचं. डांबर नाही, निव्वळ डोंगरातल्या पायवाटा, चढायचं आणि उतरायचं. "लेडीज व्हॅनमध्ये असतील," तो म्हणाला. "पाणी, केळी, फर्स्ट एड बघायला."

चंद्रिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "का? लेडीजच्या सायकलला चाकं नसत्यात?"

"तसं नाही ताई. उतार डेंजर असतात. फुल सस्पेन्शन गाडी लागते. पुढं मागं दोन्हीकडं शॉकअप."

"घेते की."

शिवयोगी हसला. "घ्या. आणि तुळजापूरच्या अलीकडची टेकडी उतरून दाखवा. उतरलात तर नाव घालतो, नाहीतर केळी तुमच्याकडं."

झालं. त्या क्षणापासनं चंद्रिकाला झोपेतही केळी दिसायला लागली. उतरून दाखवायचं, नाहीतर जन्मभर ह्या फोमवाल्यांच्या मागं पिशव्या धरून बसायचं.

सायकल निवडायचा मक्ता श्रीशैलनं स्वतःकडं घेतला. आयुष्यात कधी पंक्चर काढलं नाही, पण मोबाइलवर परदेशी गोऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून तो पंडित झाला. जेवताना त्याचं सुरू, शॉकअपचा ट्रॅव्हल किती पाहिजे, चाक केवढं, सीट बटणावर खाली जाणारी पाहिजे का. मग एक दिवस त्यानं शोध लावला, "मोठी फ्रेम घेऊ. म्हणजे कधीमधी मलापण होईल. घरात एकच गाडी, दोघांना."

चंद्रिकानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "वाढत्या अंगाची घ्यायची म्हणता? मी चाळीशीत वाढणार हाय व्हय?"

"तसं न्हाई, वस्तू एवढी भारी, तर..."

"तर चवड्यावर उभी राहून चालवू? उतारावर ब्रेक दाबू का दांड्यावर आपटू? गप जेवा."

तो गप जेवला. भला माणूस.

मल्लप्पाच्या दुकानात ती एकटीच गेली. मल्लप्पा म्हणजे सोलापुरात असल्या सायकली मागवून देणारा एकमेव इसम, आणि त्याचा रुबाब असा की जणू सायकल नाही, नातेवाईक विकतोय. गिऱ्हाइकानं हात लावायच्या आधी हा फडक्यानं हात पुसणार, मग गिऱ्हाइकाचे पुसायला लावणार. चंद्रिकाला तो बघताक्षणी नावडला.

"अक्का, वजन किती तुमचं?"

"तुला कशाला पायजे?"

"मागच्या शॉकअपमध्ये हवा वजनावर भरत्यात. खोटं सांगितलं तर गाडी उड्या मारती."

तिनं खरं सांगितलं आणि त्याच्याकडं असं बघितलं की तो आकडा त्यानं परत उच्चारला नाही. मग तिनं सायकली बघितल्या. एकीच्या दांड्यावरनं पाय टाकला तर जमिनीला टाच लागेना. दुसरीचं हँडल इतकं लांब की पाठ ताणली गेली. तिसरी छोट्या फ्रेमची, शेवाळी रंगाची. तिच्यावर बसल्याबरोबर कोपर आपोआप वाकलं, गुडघा हवा तिथं आला. तिनं मापं कुणाला विचारली नाहीत, स्वतःच्या अंगाला विचारली. दुकानाच्या पायऱ्यांवरनं तशीच खाली उतरवली आणि पुढचं चाक पायऱ्या गिळत गेलं, तेव्हा तिच्या तोंडून "यव्वा!" निघालं. मल्लप्पा किंचाळत मागं धावला.

"हीच," ती म्हणाली.

गाडी देताना मल्लप्पानं व्याख्यान लावलं. चाकाच्या मधोमध ही चकाकणारी पोलादी चकती बघा, ब्रेक हिलाच धरतो. "हिला हात लावायचा न्हाई. बोटाचं तेलसुद्धा चालत न्हाई. तेल लागलं की ब्रेकच्या गुटक्यात मुरतंय, मग कितीबी दाबा."

"म्हंजे ब्रेकचं सोवळं पाळायचं," चंद्रिका म्हणाली. "आणि पाळी आली तर गाडीला शिवायचं का न्हाई तेबी सांग."

मल्लप्पा लाजून गार झाला. तिला फार बरं वाटलं.

शनिवारी गाडी घरी आली. निंगव्वा उंबऱ्यात बसून वाट बघत होती, पुढ्यात विभूती, कुंकू, नारळ आणि शेंगतेलाची वाटी. त्यांच्या घरी रीतच होती. बैलगाडी असो, स्कूटर असो, नव्या चाकाला पहिलं तेल घरातल्या थोरल्या बाईच्या हातचं. पुढच्या चाकाला, कारण वाट आधी तेच बघतं. म्हातारीनं चाचपत चाचपत आसाकडं हात नेला. बोटाला ती गुळगुळीत चकती लागली.

"हे काय गं? हितं लावू का?"

चंद्रिकाच्या डोळ्यापुढं मल्लप्पा आणि त्याचं फडकं आलं. एक थेंब तेल, आणि म्हणे ब्रेक लागत नाही! मोठा आला सोवळेकरी.

"लावा की," ती म्हणाली.

निंगव्वानं मायेनं, गोल गोल, दोन्ही बाजूंनी तेल लावलं. वर कुंकवाचं बोट टेकलं. संध्याकाळी बोळात एक चक्कर मारताना पुढचा ब्रेक जरा कुरकुरला. नवीन आहे, बसेल, असं म्हणून चंद्रिकानं विषय संपवला.

रविवारी सकाळी सगळे टेकडीवर. आपली गाडी कशी उतरते ते बघायला मल्लप्पाही आला होता, आणि पायथ्याला व्हॅन उभी होती. वाट कसली, मेंढरांनी पाडलेली रेघ ती. मोकळी खडी, मधेच दगडांच्या पायऱ्या, दोन्हीकडं तरवड आणि घाणेरी. गटातले काही जण वरच फोटो काढत बसले. शिवयोगी पहिला निघाला, आणि पहिल्या तीव्र वळणावर उतरून सायकल हातात धरून चालत गेला. चंद्रिकानं ते नीट बघून ठेवलं.

मग ती सुटली. पहिला टप्पा असा उतरला की तिला हसू आवरेना. मागचं चाक दगडावरनं उचलायचं आणि शॉकअप त्याला परत खाली दाबायचा, अंगाला दणका म्हणून नाही. सीट खाली, ढुंगण मागं, कोपरं सैल. मंद्रूपच्या बांधावरची पोरगी अंगात आली होती.

वळण आलं. तिनं पुढचा ब्रेक दाबला. डुक्कर धरल्यासारखी किंकाळी निघाली आणि गाडी जराही थांबली नाही. तिनं आणखी दाबला. नुसती किंकाळी. समोर वाट संपून घळ दिसली तेव्हा तिनं गाडी आडवी टाकली आणि स्वतः घाणेरीच्या झुडपात जाऊन पडली.

कोपर सोललं होतं. माणसं धावत आली, आणि त्यांत मल्लप्पा दिसल्याबरोबर ती उसळली, "फडतूस माल गळ्यात मारलास माज्या! ब्रेक हाय का पिपाणी?"

मल्लप्पा चाकापाशी वाकला. त्यानं खिशातनं कागद काढला, चकतीवर फिरवला, वास घेतला. "अक्का, हे शेंगतेल हाय."

आणि त्यानं तिच्याकडं बघितलं. ती नजर चंद्रिका ओळखून होती. आटलेला शर्ट घेऊन आलेल्या बायांकडं ती स्वतः अशीच बघायची. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, शिवयोगीसुद्धा.

"आमची अत्ती," ती म्हणाली. "आंधळी म्हातारी. तिला काय कळतंय? फासलं असंल."

हशा पिकला. एकजण म्हणाला, बरं झालं मसाला नाही लावला. शिवयोगी डोळे पुसत म्हणाला, "चालायचंच ताई. चला, व्हॅनमध्ये बसा, केळी खावा."

चंद्रिकाही हसली.  तिनं गाडी उभी केली.

"मागचा लागतोय का?"

"लागतोय," मल्लप्पा म्हणाला. "पण नुसत्या मागच्यावर गाडी घसरणार, अक्का."

"घसरू दे."

उरलेली टेकडी ती मागच्या एका ब्रेकवर उतरली. चाक खडीवर सरकत होतं, जिथं फारच उभं होतं तिथं तिनं पाय घासत नेला, पण गाडीवरनं खाली उतरली नाही. पायथ्याला शिवयोगी मागनं येऊन पोचला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. "नाव घालतो," तो म्हणाला.

एरवी तिनं त्याला तिथल्या तिथं सोलला असता. वळणावर चालत कोण गेलं हे विचारलं असतं, चारचौघांत, मोठ्यानं. पण जिभेवर मघाचाच हशा बसला होता. ती म्हणाली, "बरं," आणि पाणी प्यायली.

दुपारी घरी आली तर निंगव्वा उंबऱ्यातच. अजून जेवली नव्हती. हातात तीच तेलाची वाटी.

"आलीस? इकडं ये." तिनं चंद्रिकाचा हात चाचपला, कोपरावरची पट्टी बोटाला लागली. "पडलीस व्हय गं?"

"थोडं."

"हाड मोडलं न्हाई की! पहिलं तेल माज्या हातचं होतं, म्हणून निभावलं." म्हातारीचं सगळं तोंड हसत होतं. "तिकडं टेकडी उतरलीस का?"

"उतरले."

"मग! जाताना परत लावून देते. ह्या खेपंला दोन्ही चाकाला."

चंद्रिकाला शरम वाटली. इतकी की घाणेरीत पडतानाही एवढं लागलं नव्हतं. ज्या बाईनं तिला विचारूनच बोट टेकलं होतं, तिचं तिनं परक्या माणसांपुढं हसं केलं होतं, आणि ती बाई उपाशी बसून वाट बघत होती. ती म्हातारीपुढं खालच्या पायरीवर बसली, पाठ तिच्याकडं केली आणि अंबाडा सोडला.

"गाडीला नको, अत्ती. माज्या डोक्याला लावा. तितं कमी पडलंय."

निंगव्वानं वाटीत बोटं बुडवली. "आणि गाडीला का नको?"

"मल्लप्पा म्हणतोय, चकतीला तेल चालत न्हाई."

"हूं!" म्हातारीनं नाक उडवलं. "त्याला काय कळतंय?"

तेल टाळूवरनं कपाळावर ओघळलं. चंद्रिकानं ते पुसलं नाही.

"त्याला कळतंय, अत्ती. मीच ऐकलं न्हाई."