सोबती बोलवा

मी कर्जतला घरी बसून काम करते. आमची कंपनी लहान, एकच खेळ बनवते. मोबाइलवर खेळायचा डावपेचांचा खेळ: गाव वसवायचं, धान्य साठवायचं, फौज उभी करायची आणि कुठल्या तरी लांबच्या शहरात बसलेल्या खेळाडूशी तह करायचा, नाहीतर लढायचं. जुने खेळाडू त्यावर जीव टाकायचे. नवे मात्र पहिली स्क्रीन बघूनच निघून जायचे. ती स्क्रीन सोपी करायचं काम माझ्याकडे आलं.

मी खेळ आधी वहिनीच्या हातात दिला. ती घरीच ब्लाउज शिवते, मोबाइल सराईतपणे वापरते. पण चहाला उकळी येईपर्यंत तिने फोन परत केला.

"कुठं हात लावू तेच कळंना, वन्सं."

म्हणून मी निम्मी बटणं काढून टाकली. स्क्रीन मोकळी, देखणी झाली. आम्ही ती जुन्या खेळाडूंना बघायला पाठवली आणि तक्रारींचा पाऊस पडला. सगळ्यात कडवट तक्रारी खालापूरच्या एका गृहस्थांच्या होत्या. ते तिकडे एका कारखान्यात पाळीवर काम करायचे. आमच्या खेळाचा तुम्ही खुळखुळा केलात, असं त्यांनी लिहिलं होतं. मला राग आला होता, तरी माणूस इतक्या जवळ राहणारा म्हणून मी त्यांना घरी बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं.

ते रविवारी मोटारसायकलवरून आले, वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन. मी कुणीतरी तापट तरुण डोळ्यांसमोर आणला होता. हे पन्नाशीला टेकलेले, बोलताना नजर खाली ठेवणारे. काढलेलं एकेक बटण कशासाठी होतं ते त्यांनी शांतपणे सांगायला घेतलं. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाली, त्याच बटणांना भिऊन मी पळाले. ते थांबले. मग त्यांनी जुनाच खेळ तिच्यापुढे उघडून ठेवला. तिचं बोट काचेवर नुसतंच अधांतरी.

"लावा हात, वहिनी," ते म्हणाले. "काय बिघडलं तर मी हाय ना."

तिने हात लावला. पहिल्या झटक्यात सगळी फौज बाहेर पाठवली आणि गाव उघडं पाडलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. फौज परत कशी बोलवायची ते सांगितलं आणि बटण तिलाच दाबू दिलं. चहा निवला तरी दोघं खेळतच होती. मी बाजूला बसून बघत होते. तीच बटणं, तीच स्क्रीन, आणि वहिनी आता शेजारच्या गावाशी तह करायला निघाली होती.

ते निघाले तेव्हा मी त्यांना विचारलं, तुम्ही कसे शिकलात? पाय मोडून घरी पडले असताना त्यांनी हा खेळ घेतला होता. गाव सारखं लुटलं जायचं. तेव्हा नागपूरकडच्या एका बाईंनी त्यांना खेळातच निरोप पाठवला, थांबा, सोडू नका. मग त्या रोज संध्याकाळी निरोप पाठवून शिकवत राहिल्या. दोघांची भेट कधीच झाली नाही.

"मी काय आपला आपण शिकलो नाय, ताई," ते म्हणाले.

त्यानंतर मी बरीचशी बटणं परत आणली, फक्त जी लागतील तेव्हाच दिसतील अशी. सुरुवातीच्या गावात कुठलीही चूक मागे घेता येईल अशी सोय केली. आणि खाली एक नवं बटण ठेवलं: सोबती बोलवा. ते दाबलं की एखादा जुना खेळाडू शेजारी येऊन बसल्यासारखा बोलू लागतो. ऑफिसात शंका निघाली, जुने खेळाडू फुकट वेळ कशाला देतील? पहिलं नाव खालापूरच्या त्या गृहस्थांचंच आलं, आणि त्यांनी ओळखीचे कितीतरी जण सोबत आणले. नवे लोक हळूहळू टिकायला लागले.

कौतुक माझं झालं. खेळ बनवणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालू का, असं मी खालापूरला फोन करून त्यांना विचारलं. ते नको म्हणाले. त्या बाईंचं घाला, म्हणाले. पण बाईंचं खरं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. आता त्या खेळायला येतही नाहीत. म्हणून मी बाईंचं खेळातलं नाव यादीत घातलं, माझ्या नावाच्या वर. कधी चुकून त्यांनी खेळ उघडलाच, तर दिसावं म्हणून.