मामींना हवी होती दहा माणसं

रिबकामामी गेल्या, ही बातमी मला भवानी पेठेत पानाच्या दुकानावर कळली. सांगणारे कोण, तर आमच्या सिनेगॉगचे सचिव. पान तोंडात कोंबत म्हणाले, "सुटल्या बिचाऱ्या." सुटलात तर तुम्ही! आता चारचौघांत तुम्हाला झापायला कुणी उरलं नाही.

पलटणीत आणि रेल्वेत नोकरीला म्हणून कोकणातून सोलापुरात आलेल्या आमच्या बेने इस्राएली ज्यू पूर्वजांनी, इंग्रजांच्या काळात, सुट्टीच्या दिवशी स्वतः चुना कालवून हे सिनेगॉग उभं केलं. नातवांनी काय केलं? पाटीवर कुणाच्या आजोबांचं नाव वर, यावरून भांडले. प्रार्थनेला मात्र एकेकाची कंबर धरायची. दहा पुरुष जमल्याशिवाय मेलेल्या माणसासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणता येत नाही, हा आमचा नियम. मामा गेले त्या दिवशी दरवर्षी कद्दिश व्हावी, एवढंच मामींचं मागणं. मूलबाळ नव्हतं, म्हणून कद्दिश म्हणणारा मी, भाचा. मामी दिवा लावून वाट बघत बसायच्या... निम्मे लोक इस्राएलला गेले हे खरं, पण उरलेले काय चंद्रावर होते?

दुष्काळाच्या साली सिनेगॉग विकायची टूम निघाली. त्या सभेला बघा, कसे सगळे वेळेवर! मामींनी चहा दिला, दाराला आतून कडी घातली आणि तिथंच पाठ लावून उभ्या राहिल्या.

"दहा झालात की. आधी आमच्या ह्यांची कद्दिश होऊ द्या, मग इका काय इकायचं ते."

"अहो, ही सभा आहे!" सचिव ओरडले.

"व्हय, दिसतंय. डोकी झाका."

टोप्या कुणी आणल्या होत्या! रुमाल टाकून उभे राहिले, मेंढरं नुसती. मी कद्दिश म्हटली. आमेन कुठं म्हणायचं, तेही काहींना शेजाऱ्याकडे बघून कळत होतं. मामी दाराशी उभ्या उभ्या रडल्या. त्यानंतर विक्रीचा विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

मामींच्या दफनाला मात्र आम्ही सहा जण. सचिवांना लग्नाला जायचं होतं म्हणे. शोकसभेत मग हार, फोटो, "समाजाची माऊली"... शरम कशी वाटत नाही यांना!

आता शनिवारी मी रिकाम्या बाकांसमोर मामींसाठी एकटाच कद्दिश म्हणतो. परवा सचिवांचा निरोप आला, दहा माणसं नसताना हे नियमात बसत नाही. खरंच आहे. मला अडवायला या म्हणावं. नऊ जण आलात, तर नियमातच बसेल.