पत्र्याची धग

गाड्यांना पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला सगळा रस्ता ‘आरसा’ म्हणे. त्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीत बघून लोक खुशाल भांग पाडत. मशीन फिरवता फिरवता तो मधेच डावा तळवा पत्र्यावर टेकवी. चटका बसायच्या जरा आधी मशीन उचलायचं, नाहीतर रंग जळतो. ही समज देवाने त्याच्या तळव्यातच ठेवली होती.

आणि आता तोच तळवा बधिर होत चालला होता. इतकी वर्षं मशीनची थरथर सोसून बोटं मुकी झाली होती. घरी त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. त्यातच जुनं मशीन जळालं, आणि उद्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई वडिलांसोबत त्यांची काळी गाडी घेऊन यायच्या होत्या. रंग मूळचा, पातळ झालेला. म्हातारबुवा पॉलिशसाठी आरशाशिवाय दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नसत. ती बिघडली तर इतक्या वर्षांचं नाव मातीत.

नवं मशीन घ्यायला तो निघाला, तशी बायकोही चपला घालून मागोमाग आली.

दुकानदाराने दोन मशीनं काढली. “हे तुमचं नेहमीचं, जागच्या जागी गरगर फिरणारं. काम झटपट. आणि हे डुलत डुलत फिरतं. वेळ जास्त घेतं, पण पत्रा फार तापू देत नाही. नवशिक्यांना मी हेच देतो.”

“मग मला कशाला दाखवताय?”

“बघायला काय जातंय?” बायको म्हणाली.

“तू काय मिक्सर घ्यायला आलीयेस?”

“मिक्सरसुद्धा मी चालवून बघूनच घेते.”

दुकानदार हसला. त्याने भंगारातलं एक बॉनेट टेबलावर आडवं टाकलं. “करा मग आरसाशेठ, होऊ दे!”

दोन गिऱ्हाइकंही बघायला सरकली. आरशाने नेहमीचं मशीन सुरू केलं, बॉनेटच्या कडेशी नेलं. तळवा टेकवला. काहीच कळेना. गार आहे की तापलंय? त्याने बोटं दाबून धरली. आत्ता थांबलो तर हसतील. मनात देवाचं नाव घेत त्याने मशीन आणखी एकदा त्याच कडेवरून फिरवलं.

बायकोने पुढे होऊन त्याच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, आणि झटकन मागे घेतला.

“बंद करा,” ती हळूच म्हणाली.

मशीन थांबलं. कडेचा रंग नखाएवढा उडून खालचा पांढरा थर उघडा पडला होता.

“जुनाच पत्रा तो,” दुकानदार घाईने म्हणाला. गिऱ्हाइकं इकडेतिकडे बघू लागली.

आरसा त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिला. ही काळी गाडी असती तर? “तुला कधी कळलं?” त्याने बायकोला विचारलं.

“चहाचं उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलंत आणि वर मला म्हणालात, निवलंय. तेव्हा.”

आरशाने हातातलं मशीन बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं.

“थरथर यालाही आहे हं,” दुकानदार म्हणाला. “मधे मधे हाताला विसावा द्या.”

“आणि उद्या डॉक्टरीणबाई भेटतीलच,” बायको म्हणाली. “गाडीचं नंतर. आधी बोटांचं सांगायचं.”

“सांगतो बाई.” त्याने ते मशीन उलटसुलट करून पाहिलं आणि दुकानदारापुढे धरलं. “हे धरायचं कसं? नवशिक्याला सांगता तसं सांगा.”