एकादशी पाळणारा मासा

मी सोलापुरात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. जाळं कधी हातात धरलं नव्हतं, पण बायकोने पीएचडीला खडस मासा घेतला आणि घरादाराचा भीमा नदीशी संबंध जडला. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्यातला मासा. पूर्वी मुबलक होता म्हणतात, आता दिसला तर नशीब. त्याला जागा कसली आवडते, खोल की उथळ, खडकाची की वाळूची, हे तिला शोधायचं होतं. आकडेमोड, म्हणजे कुठल्या जागी खडस सापडेल हे सांगणारं गणिती मॉडेल, अर्थातच माझ्या गळ्यात.

मंद्रूपच्या पुढे नदीकाठी एक मावशी राहतात. त्या आणि त्यांचे मालक रोज आमच्या यादीतल्या एका ठरलेल्या जागी जाळं टाकायचे, खडस सापडला तर परत सोडून द्यायचे. बायको रोज सकाळी फोन लावायची. "मावशी, खडस?" उत्तर एवढंच, "हाय" किंवा "न्हाय". हाय म्हणजे एक, न्हाय म्हणजे शून्य. सोबत आमच्या वहीत त्या जागेची खोली, पाण्याचा वेग, तळ आणि माझ्या हौसेखातर तिथी. चांदण्याचा माशांवर परिणाम होतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

शेवटी पीएचडीच्या समितीने अट घातली. जिथे कधी जाळं पडलं नाही अशी एक जागा तुमच्या मॉडेलने सांगावी आणि तिथे खडस निघावा. नाही निघाला तर मॉडेलचं प्रकरणच प्रबंधातून काढा. प्रबंधात दुसरं होतं तरी काय! बायकोची सगळी वर्षं पाण्यात गेली असती. तिच्या हातून भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं.

मी मॉडेल चालवलं. खोली? ढिम्म. खडक? ढिम्म. सगळ्यात जोरात काय आलं, तर अकरावी तिथी! त्या दिवशी खडस कधीच नाही. मी उडालोच. "अगं, नवा शोध! त्या चांदण्याला मासा बुजतो!"

"वद्य एकादशीला कसलं आलंय चांदणं हो?"

"असेल काहीतरी," मी चिडलो. "आकडे खोटं बोलत नाहीत."

"मग तुमचा मासा माळकरी असणार," असं म्हणून तिने माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी आदळली. त्या दिवशीही एकादशीच होती. स्वतःचा घास तोंडाशी नेता नेता ती थांबली आणि तिने फोन लावला.

"मावशी, सकाळी न्हाय म्हणालात. आज जाळं टाकलं होतं का?"

"आज? एकादशी हाय की बाई! कोण टाकतंय?"

"मग न्हाय कशाला सांगितलंत?"

"तुमी इचारलं खडस हाय का. न्हाय तर काय सांगू?"

बायको हसून हसून लोळायची बाकी राहिली. माझा मात्र तिळपापड झाला. माझा शोध गेला ना! माशाची आवड सोडून आम्ही मावशींचा उपास मोजत बसलो होतो. मग दोघांनी बसून एकेक 'न्हाय' मावशींना पुन्हा विचारलं. पाण्याला ओढ असली की खोल, खडकाळ जागी नवराबायको जातच नसत, त्याचंही 'न्हाय'च. ती सगळी शून्यं खोडून जागा कोऱ्या सोडल्या. खोली आणि खडक लगेच वर आले. मॉडेलने बोट ठेवलं ते काळ्या खडकाच्या एका वळणावर. तिथे आजवर कुणीच जाळं टाकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी नदीला ओढ नव्हती, म्हणून गेलो. पहिल्या खेपेला दोन चिलापी मासे आणि कुणाची तरी चप्पल. बायकोचा चेहरा पाहवेना. "मॉडेल आहे, ज्योतिष नव्हे," मी म्हणालो. "जरा गप बसा," ती म्हणाली. दुसऱ्या खेपेला तेवढंही नाही. तिसऱ्यांदा मालकांनी जाळं ओढलं तेव्हा आत काहीतरी सोनेरी उसळलं.

"आला! आला!" मी काठावर नाचलो.

"वरडू नगा की, बुजंल त्यो," मावशींनी दटावलं आणि खडस पाण्याच्या टबात सोडला. चांगला हातभर होता. लांबी मोजायची आणि लगेच सोडायचा, हा बायकोचाच नियम. मी मोजपट्टी तिच्यापुढे धरली. ती घेईना.

"अगं, धर ना!"

"तुम्हीच मोजा हो," ती म्हणाली. "मला काही दिसत नाहीये."