पास आणि माहेरचा काटा

परवा युसूफ वडगावच्या नाक्यावर जीव नुसता टांगणीला लागला होता... अजून आठवलं की आपोआप हात जोडले जातात.

कुटुंबाला माहेराहून घेऊन बैलगाडीने घरी निघालो होतो. प्लेगमुळे रस्त्यावर आडवा बांबू बांधलेला, आणि पास असल्याशिवाय कुणाला पलीकडे सोडत नव्हते. तपासणीत तिच्या काखेत गाठ लागली.

तिला तपासणाऱ्या दाईपाशी पडद्यामागे बसवलं, मला बाहेर. गाठ प्लेगची ठरली तर तिला माळावरच्या छावणीत नेणार... आमच्या गावातून तिकडे गेलेलं एकही माणूस अजून परतलेलं नाही.

नाक्यावरचे मुन्शीजी भले गृहस्थ. माझा चेहरा बघून मला बोलण्यात गुंतवू लागले. "ह्या इंग्रजीची गंमत ऐका, बापू. पोरगा इम्तिहानातून निघाला, पास. डोंगरातली खिंड, ती बी पास. रेल्वेची फुकट चिठ्ठी, पास. आन माणूस वारला तरी साहेब म्हणतो, पास..."

इथं त्यांनी जीभ चावली. "तोबा! मूळ अर्थ चांगला हाय बरं का. आमचे साहेब सांगत होते, लई जुन्या जबानीतला शब्द हाय. त्याचा अर्थ पाऊल."

मी मान हलवत होतो, पण कान पडद्याकडे... ओठांवर देवाचं नाव.

तेवढ्यात आतून दाईचा आवाज आला. "मूठ काहून आवळली, बाई? उघड बघू."

तळहातात बाभळीचा काटा रुतलेला दिसला, भोवती पू. चार दिवसांपूर्वी सरपण मोडताना भरलेला. माहेरच्यांनी कामाला जुंपलं असं मी म्हणेन, म्हणून तिने मला सांगितलंच नव्हतं!

"अवधाण हाय हे, काट्याच्या जखमेनं काखेत आलेली गाठ," दाई हसली. "आन तिकडं नवऱ्याचा जीव चाललाय!" नाक्यावरच्या डॉक्टरांनी ताप पाहिला, गाठ पुन्हा दाबून पाहिली. मग मुन्शीजींकडे बघून मान डोलावली...

पास हातात आला, तो मी आधी कपाळाला लावला. बांबू वर झाला. ती पदर सावरत पलीकडे गेली, वळून म्हणाली, "आता रागवू नका. काटा माहेरचा हाय, हळू काढा."

जेमतेम चार पावलं टाकली होती तिने. मी तिथंच नारायणगडाच्या देवस्थानाच्या दिशेला तोंड करून डोकं टेकवलं... त्या शब्दाचे बाकीचे अर्थ साहेबाला लखलाभ, मला हा पावलाचा एकच पुरे.